चष्म्याचं घर आणि बेलिकॉव्ह

रशियन मोजमापाच्या उपकरणासोबत जी पुस्तिका येते तिला ते लोक 'पासपोर्ट' म्हणतात. त्या पासपोर्टात एक तक्ता असतो, खोक्यातून काय काय निघालं पाहिजे त्याचा. उपकरण एक, किल्ली एक, पुस्तिका एक, आणि बऱ्याचदा तळाशी: फुत्ल्यार, 1 नग. मायक्रोमीटर ज्या मखमल लावलेल्या डबीत बसतो ती डबी म्हणजे फुत्ल्यार. चष्म्याचं घर म्हणजे फुत्ल्यार. व्हायोलिनची पेटी, तीही फुत्ल्यारच. माझं पोट तांत्रिक भाषांतरावर चालतं, रशियनमधून इंग्रजीत. त्यामुळे हा शब्द माझ्या हाताखालून इतका गेला आहे की तो दिसला की बोटं आपोआप 'केस' टाइप करतात.

गॅसवाहिनीच्या एका कामात मात्र त्याने थोडं थांबवलं होतं. रस्त्याखालून किंवा रेल्वेच्या रुळांखालून गॅसची नळी न्यायची असेल तर ती तशीच पुरत नाहीत. आधी मोठ्या व्यासाची पोलादी नळी आडवी घालतात आणि गॅसची नळी तिच्या पोटातून ओढून घेतात. त्या बाहेरच्या नळीला रशियन इंजिनियर फुत्ल्यार म्हणतात. इंग्रजीत तिथे 'केसिंग' किंवा 'स्लीव्ह' चालतं. वरच्या गाड्यांचा भार आतल्या नळीवर येऊ नये हे एक कारण. दुसरं असं, की आतली नळी कधी गळलीच तर गॅस रुळांखालच्या मातीत पसरू नये, दोन नळ्यांमधल्या पोकळीतून बाजूला निघून जावा. तो बाहेर सोडण्यासाठी जी उभी नळी लावतात तिला 'स्वेचा', म्हणजे मेणबत्ती, म्हणतात. गॅसच्या कामात मेणबत्ती हे नाव कुणाला सुचलं देव जाणे. मुद्दा असा, की फुत्ल्यार आतल्याला बाहेरच्यापासून जपतो तसा बाहेरच्यालाही आतल्यापासून जपतो. हे पुढे कामी आलं.

रशियन कथाकार चेकॉव्ह माझ्याकडे आला तो धंद्याच्या वाटेने नाही. पुण्यातल्या एका हौशी नाट्यगटाला त्याच्या एका गोष्टीचं इंग्रजीत अभिवाचन करायचं होतं. गोष्ट 1898 सालची, 'रुस्काया मिस्ल' या मासिकात आलेली. नाव 'चिलव्येक व फुत्ल्यारे', म्हणजे फुत्ल्यारमधला माणूस. कॉन्स्टन्स गार्नेट यांचं जुनं इंग्रजी भाषांतर आहेच, आणि बाई 1946 साली वारल्या, तेव्हा हक्कांचाही प्रश्न नव्हता. प्रश्न जिभेचा होता. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, हे वाचायला घेतलं की आमची पोरं एकदम शंभर वर्षांनी म्हातारी होतात. तुम्ही आजच्या बोलण्यातलं करून द्या ना. पंधराएक पानांची तर गोष्ट." पंधरा पानांत अडकायला जागा किती असते हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

गोष्ट ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिरोनोसित्स्कोये नावाच्या खेड्याच्या टोकाला, गावच्या मुखियाच्या कोठारात दोन शिकारी रात्रीचे थांबले आहेत: जनावरांचा डॉक्टर इवान इवानिच आणि शाळामास्तर बुर्किन. बुर्किन आपल्या मेलेल्या सहकाऱ्याची गोष्ट सांगतो. हा बेलिकॉव्ह, ग्रीक भाषेचा शिक्षक. स्वच्छ ऊन असलं तरी जोड्यांवर घालायचे रबरी जोडे, छत्री आणि कापूस भरलेला कोट घातल्याशिवाय घराबाहेर पडणार नाही. काळा चष्मा, कानांत कापसाचे बोळे, घोडागाडीत बसला की आधी टप वर करायला लावणार. ज्याला मनाई करणारं परिपत्रक निघालं आहे तेवढंच त्याला नीट समजतं. परवानगी म्हटली की त्याच्या पोटात गोळा येतो. शहरात नवी नाटकमंडळी निघो की वाचनालय, याचं एकच पालुपद: हे सगळं छानच आहे हो, पण यातून भलतंच काही निघायला नको. अशा माणसाचं वारेन्का नावाच्या हसऱ्या, गाणाऱ्या बाईशी लग्न जमवायचा घाट सगळे घालतात. ती भावासोबत सायकलवरून फिरताना दिसते, बेलिकॉव्ह हादरतो, भावाला समज द्यायला जातो, भाऊ त्याला जिन्यावरून ढकलतो. गडगडत खाली आलेला बेलिकॉव्ह नेमका वारेन्काच्या पुढ्यात पडतो, ती खळखळून हसते, आणि त्या हसण्यावर लग्नही संपतं आणि महिन्याभरात तोही संपतो.

ग्रीकच का, हे आजच्या श्रोत्याला कळणार नाही म्हणून मी वाचनाआधीच्या दोन ओळींत घातलं. रशियात 1871 च्या कायद्याने माध्यमिक शाळांत लॅटिन आणि ग्रीकचे तास वाढवले होते. मेलेल्या भाषा, त्यांतून कुणाच्या डोक्यात भलतं वारं शिरायची भीती कमी. चेकॉव्ह स्वतः तागानरोगच्या अशाच शाळेत शिकला. गोष्टीत बुर्किन म्हणतो की जुन्या भाषा म्हणजे बेलिकॉव्हचे तेच रबरी जोडे आणि तीच छत्री.

कामाला बसायची माझी पद्धत ठरलेली आहे. शीर्षकातला शब्द मजकुरात जिथे जिथे येतो तिथे तांबड्या पेन्सिलीने गोल करायचा, कारण शेवटी सगळा भार त्याच्यावर येतो. पहिला गोल कुठे पडणार हेही मला पाठ होतं, म्हणजे तसं मी धरून चालले होते: त्याची छत्री केसमध्ये, घड्याळ करड्या चामड्याच्या केसमध्ये, पेन्सिलीला टोक करायचा चाकू काढला तर तोही इवल्या केसमध्ये, आणि कॉलर वर करून चेहरा लपवायचा म्हणून चेहरासुद्धा जणू केसमध्येच. गार्नेटबाईंचं इंग्रजी असंच आहे, चारही जागी 'केस'. रशियन उघडलं तर तिथे फुत्ल्यार नाहीच. चारही जागी 'चिखोल' आहे.

चिखोल म्हणजे खोळ. आज मॉस्कोत मोबाइलच्या कव्हरला हाच शब्द वापरतात. आमच्या रशियनच्या बाईंना फोन लावला, त्या म्हणाल्या, "अगं, बोटाने दाबून बघ. दबला तर चिखोल, नाही दबला तर फुत्ल्यार." इतकी सोपी कसोटी कुठल्याही कोशात नाही. आणि मराठी कानाला ती लगेच पटते, कारण आपल्याकडेही ही वाटणी पक्की आहे. तंबोऱ्याची गवसणी, उशीचा अभ्रा, छत्रीची खोळ एकीकडे. पेटी, डबी, चष्म्याचं घर दुसरीकडे. व्हायोलिनच्या पेटीला आपण चुकूनही खोळ म्हणत नाही. इंग्रजीला मात्र उशीच्या अभ्र्यालाही 'केस' चालतो आणि व्हायोलिनच्या पेटीलाही. गार्नेटबाईंनी काही गैर केलं नाही, त्यांची भाषाच सैल.

तर मग फुत्ल्यार येतो कधी? चिखोलांची ती माळ संपल्यावर, दोन वाक्यांनी. बुर्किन म्हणतो, थोडक्यात, या माणसाला स्वतःभोवती एक आवरण घालून घ्यायची, आपल्यासाठी 'जणू म्हणा ना' एक फुत्ल्यार बनवायची अनावर ओढ होती. 'ताक स्कजात', जणू म्हणा ना. म्हणजे शब्द गोष्टीत पाऊल टाकतो तोच अलंकार म्हणून, आणि चेकॉव्ह ते दाखवून टाकतो. तिथून पुढचे गोल मी ओळीने पाहत गेले. आपले विचारसुद्धा बेलिकॉव्ह फुत्ल्यारमध्ये दडवून ठेवू पाहतो. शिक्षकांच्या बैठकीत तो आपल्या 'निव्वळ फुत्ल्यारी' शंकाकुशंकांनी सगळ्यांचा जीव नकोसा करतो. लग्नाचा विषय निघाल्यावर वाळतो, पांढरा पडतो आणि आपल्या फुत्ल्यारमध्ये आणखी खोल जातो. इथपर्यंत हात लावता येईल असा एकही फुत्ल्यार गोष्टीत नाही. आणि मग तो मरतो. शवपेटीत त्याचा चेहरा सौम्य, प्रसन्न, जवळजवळ आनंदी दिसतो, जणू आपल्याला अखेर अशा फुत्ल्यारमध्ये ठेवलं ज्यातून आता कधीच बाहेर पडायला नको, म्हणून तो खूश आहे. लाकडाचा, खिळे ठोकलेला, बोटाने न दबणारा फुत्ल्यार. अलंकार म्हणून आत आलेला शब्द इथे पहिल्यांदा वस्तू होतो.

आपल्याला शाळेत शिकवतात की आधी वाच्यार्थ, मग लक्ष्यार्थ. चेकॉव्हने उलटं केलं आहे. छत्रीपासूनच 'केस, केस' करत गेलं तर इंग्रजीत तो शब्द सुरुवातीलाच वस्तू होऊन बसतो आणि शवपेटीपर्यंत पोचताना वापरून गुळगुळीत झालेला असतो. मला करायचं होतं ते एवढंच, की शवपेटी येईपर्यंत 'केस' जपून ठेवायचा. म्हणजे छत्रीच्या वाक्याला दुसरा शब्द शोधणं आलं, आणि तो चारही ठिकाणी एकच हवा, कारण गंमत त्या टकटक पुनरुक्तीतच आहे.

'शीथ' घेऊन पाहिला. चाकूला उत्तम, छत्रीलाही चालतो, घड्याळाला मात्र म्यानात घालता येत नाही. 'पाउच' घड्याळाला शोभतो, पण चेहरा पाउचमध्ये म्हटलं की कांगारूचं पिल्लू डोळ्यांपुढे येतं. गॅसवाहिनीची आठवण होऊन 'स्लीव्ह' लावला. छत्री झाली, घड्याळ झालं, चाकूही झाला, आणि चेहऱ्यापाशी गाडी अडली, कारण बाहीत माणसाचा हात जातो, तोंड नव्हे. शेवटी 'कव्हर' घेतला. चाकूच्या 'लिटल कव्हर'वर मी आजही फारशी खूश नाही. पण चेहरा कव्हरमध्ये बसला, आणि वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं तेव्हा चौथ्या 'कव्हर'ला हसू आलं. वाचिक अभिनयाच्या मजकुराला यापरतं प्रमाण नाही.

मधल्या त्या आवरणाचं काय? रशियन शब्द 'अबलोच्का', शास्त्रीय मजकुरात फार भेटणारा: डोळ्याचा पडदा, पोटाचं अस्तर, अणूतलं इलेक्ट्रॉनांचं कवच, सगळ्याला तो चालतो. 'कव्हरिंग' म्हणावं तर नुकताच 'कव्हर' वापरून झालेला. 'मेम्ब्रेन' म्हटलं की बुर्किनचा शाळामास्तर संपून जीवशास्त्राचा प्राध्यापक सुरू. तिथे नामच काढून टाकलं आणि क्रियापद ठेवलं: स्वतःला गुंडाळून घ्यायची अनावर ओढ, 'रॅप हिमसेल्फ अप'. एक नाम गेलं त्याची हळहळ नाही. 'केस'च्या आधी वाट मोकळी झाली.

राहिला मुख्य शब्द. 'केस'च घ्यायचा की दुसरा? अव्राम यार्मोलिन्स्की यांनी 1947 च्या त्यांच्या इंग्रजी चेकॉव्ह संग्रहात शीर्षकच 'द मॅन इन अ शेल' केलं. मोह पडण्यासारखा शब्द आहे. इंग्रजीत माणूस शेलमध्ये जातो, शेलमधून बाहेर येतो, कुणाला काही समजवावं लागत नाही. अलंकार तयारच मिळतो. पण तो तयार आहे हीच माझ्या मते त्याची खोट. शिवाय चेकॉव्हने कवचाचा शब्द स्वतंत्रपणे वापरलाच आहे. गोष्टीच्या सुरुवातीला बुर्किन म्हणतो की शंखातला खेकडा किंवा गोगलगाय आपल्या कवचात शिरते तशी एकलकोंडी माणसं जगात पुष्कळ आहेत. तिथे रशियन शब्द 'स्कर्लुपा', अंड्याच्या टरफलालाही तोच. गोगलगाय कवच घेऊनच वाढते, तिचा त्यात काही दोष नाही. फुत्ल्यार कुणीतरी मापं घेऊन बनवलेला असतो, आणि तो जिवंत प्राण्यासाठी नसतो, वस्तूसाठी असतो. बेलिकॉव्हने स्वतःला चष्म्यासारखं, मायक्रोमीटरसारखं ठेवून दिलं आहे. 'शेल' म्हटलं की श्रोता त्याची कीव करतो. चेकॉव्हला कीव नको आहे असं नाही, पण ती इतक्या लवकर नको आहे. हा चिमुकला माणूस पंधरा वर्षं अख्खी शाळा मुठीत ठेवून होता, शाळाच काय, सगळं शहर; त्याच्या भीतीने बायका शनिवारी घरी नाटकं करीनात, पाद्री त्याच्यासमोर पत्ते खेळायला आणि वशाट खायला कचरत. इथे मला ती रुळांखालची नळी पुन्हा दिसली. फुत्ल्यार दोन्हीकडून काम करतो. बेलिकॉव्हच्या बाबतीत फक्त ती मेणबत्ती बसवायची राहून गेली आणि सगळा गॅस शहरात पसरला.

'केस'च्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, जी रशियनमध्ये नाही आणि इंग्रजीत फुकट मिळते. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, चेहऱ्याने सारखे. पेटीवाला 'केस' लॅटिन 'काप्सा'वरून आला. प्रकरण, खटला, रुग्ण या अर्थाचा 'केस' लॅटिन 'कासुस'वरून, आणि कासुस म्हणजे पडणं. व्याकरणातली विभक्ती म्हणजे इंग्रजी 'केस', तीही याच पडण्यातली. ग्रीक व्याकरणकारांनी विभक्तीला पतन म्हटलं, रोमनांनी ते उचललं. ग्रीक शिकवणारा, आयुष्यभर विभक्त्या घोकवणारा मास्तर, जो जिन्यावरून पडून संपतो, तो 'केस'मध्ये! रोनाल्ड हिंगली यांनी त्यांच्या ऑक्सफर्डच्या आवृत्तीत गोष्टीचं नाव 'अ हार्ड केस' ठेवलं ते या दुहेरीपणावरच. हुशार नाव आहे, पण मला ते पटत नाही. इंग्रजीत 'हार्ड केस' म्हणजे निबर, कुणाला न जुमानणारा माणूस, आणि बेलिकॉव्ह तर सायकल पाहून पांढरा पडणारा. विभक्तीची गंमत मी कुठेही अधोरेखित केली नाही. ज्याला ऐकू येईल त्याला येईल.

पण हेच जुळेपण एका जागी आडवं आलं. गोष्ट संपता संपता, बुर्किनचं सांगून झाल्यावर, इवान इवानिच म्हणतो: आणि आपण शहरात कोंदट, दाटीवाटीच्या जागेत राहतो, नको ते कागद खरडतो, 'विंत' खेळतो, हा फुत्ल्यार नाही का? विंत हा पत्त्यांचा डाव. माझ्या धंद्यात विंत म्हणजे स्क्रू, त्यामुळे पहिल्या कच्च्या खर्ड्यात बिचारे शिकारी बसून स्क्रूशी खेळत होते की काय, असं मलाच क्षणभर वाटलं. रशियन वाक्य लख्ख आहे. इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवला तर 'इझंट दॅट अ केस', आणि हे कानावर पडताच 'हेही एक उदाहरणच नाही का' असाच अर्थ लागतो. पेटी गायब. मुलांना वाचायला लावलं तेव्हा सगळ्यांनी तोच अर्थ घेतला, एकीने तर वकिली थाटात वाचलं. वाचकाला मागे जाऊन शोध घेता येतो, श्रोत्याला नाही. बऱ्याच उलाढाली केल्या. 'आपणही केसमध्येच नाही का' असं फिरवलं, तर इवान इवानिचचा रोख माणसांवर गेला, आणि त्याचा रोख तर जगण्यावर आहे. शेवटी केसला शेपटी जोडली: 'अ केस टू बी शट अप इन', कोंडून घ्यायला एक केस. पाच शब्द वाढले. इथे काटकसर करून चालणारच नव्हतं.

'फुत्ल्यारी' शंकांनी त्याहून छळलं. रशियनमध्ये नामाला प्रत्यय लावला की विशेषण तयार, आणि चेकॉव्हनंतर ते विशेषण भाषेत रुळलंही. माणूस फुत्ल्यारी असतो, जगणं फुत्ल्यारी असतं. इंग्रजीत 'केसी' म्हणता येत नाही. मी लिहिलं, बेलिकॉव्हच्या शंका 'स्ट्रेट आउट ऑफ द केस', थेट केसमधून काढलेल्या. ऐकायला फार झकास. दिग्दर्शक तर खूशच झाला. हे वाक्य पुढे मीच मारलं.

त्याचं कारण पालुपद. 'काक बी चिवो नि वीश्लो' हे बेलिकॉव्हचं वाक्य रशियनमध्ये म्हण होऊन बसलं आहे. गोष्ट न वाचलेलाही ते म्हणतो. शब्दशः, काही बाहेर निघायला नको. ते बसवताना मी क्रियापदाकडे पाहिलं: 'वीय्ती', बाहेर निघणं. आणि पाहिलं तेव्हा लक्षात आलं की शवपेटीच्या वाक्यातही तेच क्रियापद आहे, 'ज्यातून तो आता कधीच बाहेर निघणार नाही'. मागे गेले तर अगदी पहिल्या वर्णनातही: स्वच्छ हवेतही रबरी जोडे घालून, छत्री घेऊन तो बाहेर निघायचा. म्हणजे फुत्ल्यार हा एकटा शब्द नाहीच, त्याला हे क्रियापद जोडीला आहे. आयुष्यभर काही बाहेर निघू नये म्हणून धडपडणारा माणूस शेवटी स्वतः बाहेर न निघण्याच्या जागी पोचतो. मराठीत हे किती सहज येतं! यातून काही निघायला नको. तो घराबाहेर निघाला. पेटीतून तो निघणार नाही. एक निघणं तिन्हीकडे पुरतं. इंग्रजीत पालुपदाची जुनी रूपं बहुतेक 'कम ऑफ इट' धाटणीची, म्हणजे परिणाम होण्याची; त्यात बाहेर हा भाग राहत नाही. मी त्यात 'आउट' घातला: 'लेट्स होप नथिंग कम्स आउट ऑफ इट'. व्याकरणाच्या बाजूने निर्दोष, किंचित अवघडलेलं, आणि बेलिकॉव्ह अवघडलेलंच बोलणार. मग पहिल्या वर्णनात 'वेंट आउट'चं 'केम आउट' केलं, आणि शवपेटीला 'अ केस ही वुड नेव्हर कम आउट ऑफ'. आता जर केसमधून काहीच बाहेर निघायचं नसेल, तर शंका तरी 'आउट ऑफ द केस' कशा निघतील? ते झकास वाक्य कापलं आणि तिथे साधं 'एन्केस्ड' ठेवलं. दिग्दर्शकाने दोन दिवस तोंड पाडलं होतं.

शवपेटीला 'कॉफिन' म्हणायचं की अमेरिकन 'कास्केट', यावरही एकाने वाद घातला. कास्केट म्हणजे मुळात दागिन्यांची डबी, म्हणजे फुत्ल्यारच झाला की, असं त्याचं म्हणणं. बरोबर होतं, म्हणूनच नको होतं. विनोद बुर्किनला करायचा आहे, पुढच्या अर्ध्या वाक्यात. पेटीनेच आधी फोडला तर त्याच्याकडे काय राहिलं?

बारीकसारीक अडचणींची यादी देत नाही, फक्त दोन. वारेन्का सांगते की आमच्याकडे युक्रेनमध्ये भोपळ्यांना 'कबाक' म्हणतात आणि रशियन 'कबाक' म्हणजे गुत्ता, त्याला आमच्याकडे 'शिनोक' म्हणतात. हे इंग्रजीत नेण्यात काही हशील नव्हतं. तिचं लाल-निळ्या भाज्यांचं बोर्श्च सूप ठेवलं, म्हणजे टोमॅटो आणि वांगी घातलेलं, भोपळा सोडला. आणि जनावरांच्या डॉक्टरचं आडनाव, चिम्शा-गिमालायस्की. सगळ्या प्रांतात त्याला नुसतं इवान इवानिच म्हणतात, कारण हे भारदस्त आडनाव त्याला मुळीच शोभत नाही. गिमालाय म्हणजे आपला हिमालय. इंग्रजीत तो उघडा केला तर पुण्यातला श्रोता भलत्याच कारणाने हसेल हे दिसत होतं. तरी उघडा केला. चेकॉव्हलाही तिथे हसूच हवं होतं.

शेवटी शीर्षक. रशियनमध्ये 'अ' आणि 'द' नाहीत, त्यामुळे लेखकाला ठरवावं लागत नाही की हा कुठलासा माणूस की तोच तो. इंग्रजीत ठरवल्याशिवाय सुटका नाही. 'द मॅन इन द केस' म्हटलं की पोलिसी तपास सुरू झाल्यासारखं वाटतं, त्या प्रकरणातला तो इसम. 'द मॅन इन अ केस' हे रुळलेलं रूप. पण बुर्किन पुढे म्हणतो की असे फुत्ल्यारमधले अजून किती उरले आहेत, आणखी किती होतील, आणि 'माणसं' या अर्थाचं नेहमीचं अनेकवचन न वापरता 'चिलव्येकोव' हे जुनं, धर्मग्रंथातलं रूप वापरतो. त्या ओळीला मी 'सच मेन, ईच इन हिज केस' केलं, आणि त्यांच्याकडे पाहून शीर्षकातला 'द' काढला. 'अ मॅन इन अ केस', कुणीही एक.

मराठीत शीर्षक काय होईल असं मुलांनी विचारलं होतं. चष्म्याचं घर हाच फुत्ल्यारला सगळ्यात जवळचा शब्द, पण 'घरातला माणूस' म्हटलं की तो आपल्यातला, विश्वासाचा, जेवायला थांबणारा. 'पेटीतला माणूस' जादूगाराच्या प्रयोगासारखं. 'गवसणी' मला फार आवडते, पण ती बोटाने दबते. मी म्हटलं, इंग्रजी वाचन आहे, इंग्रजी नाव पुरे, खाली मराठीत काही घालू नका. छापून आलेल्या पोस्टरवर इंग्रजी नावाखाली कुणीतरी हौसेने घातलंच होतं: 'कवचातला माणूस'. आणि शेजारी गोगलगाईचं चित्र.